आमची कार, निळी गाडी आणि मधली दहा मिनिटं

परवा शाळेत पोचायला बारा मिनिटं उशीर झाला. घाट उतरलो आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा अर्धीच. कसंबसं गावात पोचलो, तर पारावर बसलेले आजोबा वाटच पाहत होते. म्हणाले, "काऊन सर, कार पंचर झाली काय? आमची यष्टी बरी. येतच नाही, तं पंचर काय होईन!"

सगळा पार हसला. आम्हीही हसलो. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितोय. लांबलं आहे, माफ करा.

आधी आमचं सांगतो. आम्ही पाच जण, तीन मास्तर आणि दोन मॅडम. राहतो यवतमाळला. तिथून चाळीस किलोमीटरवर तालुक्याचं गाव (नाव सांगत नाही, उगाच कोणाची बदली व्हायची) आणि तिथून आत नऊ किलोमीटरवर आमची शाळा. विदर्भात याला अपडाऊन म्हणतात. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही "मुलगा अपडाऊन करते" हे वाक्य येतं आणि सगळे समजल्यासारखी मान हलवतात. आमच्यातल्या तिघांकडे कार आहे, दर आठवड्याला एकाची पाळी. डॅशबोर्डच्या खणात एक लाल वही आहे, तिच्यात पेट्रोलचा हिशोब. रोजचे शंभर किलोमीटर म्हणजे पाचेक लिटर, एकशेपाच-सहाचा भाव. पाच डोकी असली की माणशी रोजचे एकशेपाचच्या आसपास पडतात.

आता एसटीचा हिशोब बघा. सहा किलोमीटरचा एक टप्पा. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून एवढ्या अंतराचे जायचे-यायचे मिळून एकशेऐंशीच्या घरात जातात. महिन्याचा पास काढला, वीस दिवसांच्या पैशात तीस दिवस, तरी आमच्या कारपेक्षा महागच. मॅडम लोकांचं उलटं आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे त्यांना एसटी स्वस्त पडते. म्हणजे एकाच कारमध्ये बसलेल्या पाचांपैकी तिघांना कार परवडते, दोघींना एसटी. तरी त्या कारमध्ये का बसतात? कारण त्या वेळेला एसटी नाही.

चाक बदलेपर्यंत मॅडमनी बसल्या बसल्या गाड्या मोजल्या. तालुक्याकडे सव्वीस कार गेल्या, त्यातल्या एकोणीस कारमध्ये एकटा माणूस. तहसीलचे असतील, पंचायत समितीचे, बँकेचे, दवाखान्याचे, कॉलेजचे. तेवढ्यात एसटी एकच आली, तीही समोरून, यवतमाळकडे जाणारी, पायदानापर्यंत भरलेली.

गोम इथंच आहे. गावाकडच्या एसटीचं वेळापत्रक मुक्कामी गाडीभोवती बांधलेलं. संध्याकाळी गाडी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे गावची माणसं, दूध, पोरं घेऊन शहराकडे निघतात. ही पद्धत चांगलीच आहे, तिच्यावर दोन पिढ्या शिकल्या. पण आता सकाळी शहराकडून गावाकडे जाणाराही एक लोंढा आहे, पगारदारांचा, आणि त्याची नोंद कुठल्या वेळापत्रकात नाही. आठला एक गाडी, मग थेट पावणेअकराची. २०२१-२२ चा संप मिटला, पण आमच्या फाट्यावरची बंद पडलेली नऊची फेरी काही परत आली नाही. गाडी नाही म्हणून लोकांनी कार घेतल्या, लोकांनी कार घेतल्या म्हणून गाडीला प्रवासी नाही. आता कोणी कोणाला बोल लावायचा?

इथं कोणी तरी हमखास लिहील, "मग मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावातच, राहा ना! घरभाडं भत्ता घेता ना!" बरोबर आहे, घेतो. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुख्यालयी राहतो याचा ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तो ठराव कसा होतो हे गावाला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, साहेबालाही माहीत आहे. २०२२ मध्ये विधानसभेतही हा विषय गाजला. पण जिथं राहायचं ते गाव कसं आहे? शाळेमागची शिक्षक-खोली माझ्या आधीच्या मास्तरांच्या काळात पडली, आता तिथं बोरीचं झाड आहे. बायको यवतमाळच्या पलीकडच्या तालुक्यात नर्स. आम्हा शिक्षकांच्या बदल्यांमध्ये नवरा-बायकोतलं अंतर ३० किलोमीटरच्या वर असेल तर प्राधान्य मिळतं, त्याचं प्रमाणपत्र बांधकाम खात्याकडून आणायचं. रस्त्याचं अंतर मोजतात. त्या रस्त्यावर बस धावते का, हे त्या फॉर्मवर कोणी विचारत नाही. खरं म्हणजे बदलीचं धोरण हेच आमच्याकडचं वाहतुकीचं धोरण आहे. माणूस कुठं राहील, कुठं जाईल, कशानं जाईल, सगळं त्या एका यादीत ठरतं, आणि यादी करणाऱ्याचा वाहतुकीशी संबंध नाही.

आता तालुक्याच्या गावाचं घ्या. जुनी तहसील बसस्टँडच्या पाठीमागे होती. कोर्ट तिथंच, पंचायत समिती तिथंच, समोर झुणका-भाकरीची टपरी. खेड्यातली म्हातारी एसटीतून उतरायची, निराधारचा अर्ज द्यायची, चहा पिऊन परतीच्या गाडीनं घरी. मग नवी इमारत मंजूर झाली. जागा कुठं? ई-क्लासमध्ये, म्हणजे सरकारी गायरानात, गावाबाहेर तीन किलोमीटर, बायपासच्या पलीकडे. कारण ई-क्लास फुकट. इमारत देखणी आहे, काचा आहेत, रॅम्प आहे, पार्किंग तर एवढं मोठं की पोरं रविवारी तिथं क्रिकेट खेळतात. पण आता म्हातारीला ऑटोचे जायचे तीस, यायचे तीस. मानधनातून साठ रुपये गेले, आणि सही करणारे साहेब दौऱ्यावर असले तर पुढच्या आठवड्यात अजून साठ. सरकारला जमीन फुकट पडली. तिची किंमत ती म्हातारी हप्त्याहप्त्यानं भरते आहे.

कर्मचाऱ्याचंही तेच. फेब्रुवारी २०२० अखेर पाच दिवसांचा आठवडा झाला आणि सरकारी कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. चांगला निर्णय, आम्हा मास्तरांना हेवा वाटावा असा. पण आमच्या तालुक्यातून यवतमाळची गाडी निघते सहा दहाला. म्हणजे क्लार्कनं वेळेवर हापिस सोडलं की गाडी गेलेली, आणि बसस्टँड तीन किलोमीटर लांब. त्यानं कार नाही घ्यायची तर काय करायचं? कर्ज काढून घेतो बिचारा, आणि आपण म्हणतो लोकांना शौक झाले.

आपल्याकडे याला कायदा नाही असं समजू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यात प्रादेशिक योजना हा वेगळा भाग आहे, जमीन कशासाठी वापरायची आणि दळणवळण कसं असेल हे एकत्र बघायची सोय त्यात आहे. प्रत्यक्षात आमच्या वाट्याला येतो तो रंगीत नकाशा. पिवळा रहिवासी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती. त्या नकाशात रस्त्याची रुंदी असते, सकाळी नऊला त्या रस्त्यावरून कोण जाणार हे नसतं. विदर्भाचा अनुशेष आपण किती वर्षं मोजतो आहोत! १९८४ च्या दांडेकर समितीनं क्षेत्रवार मोजला, त्यात रस्तेही होते. पण रस्ता किलोमीटरमध्ये मोजला जातो, फेऱ्यांमध्ये नाही. डांबर पडलं की अनुशेष भरला. समृद्धीचंच बघा, ७०१ किलोमीटरचा रस्ता, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, आणि त्यावर मोटरसायकलला बंदी. आमच्या गावात सर्वात जास्त जे वाहन आहे तेच चालत नाही. मुंबईला जायला उत्तम आहे, मी गेलोय. पण रोज कामाला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

नेदरलँड्समध्ये १९९० च्या सुमारास एक धोरण आलं होतं, जागांची अ-ब-क अशी वर्गवारी. जिथं कर्मचारी आणि येणारे-जाणारे जास्त, ते कार्यालय रेल्वे स्टेशनजवळच्या 'अ' जागेवर, आणि तिथं पार्किंगही मोजूनमापून. ट्रकचा माल जिथं येतो-जातो, तो कारखाना हायवेजवळच्या 'क' जागेवर. साधी गोष्ट आहे, आमच्या आजोबांना सांगितली तर म्हणतील, "हे तं पोट्टंही सांगन." पुढं तिथल्या नगरपालिकांनी कंपन्या ओढायच्या चढाओढीत नियम सैल केले आणि दहा-बारा वर्षांत ते गुंडाळलं गेलं. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. पण प्रश्न तरी बरोबर विचारला होता: इमारत बांधायच्या आधी तिथं माणूस येणार कसा?

आणि हे सगळं पगारदारांचं झालं. २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं की कामाला किती लांब जाता आणि कशानं जाता. पण ते तक्ते फक्त 'इतर कामगारां'चे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले त्यात नाहीत. धरून चालले असतील की शेतमजूर आपल्याच गावात काम करतो. एकदा कापूस वेचणीत या आमच्या फाट्यावर, सकाळी साडेसहाला. छोटा हत्ती, म्हणजे मालवाहू टेम्पो, उभा असतो, मागं वीस-बावीस बाया, उभ्या, एकमेकींच्या खांद्याला धरून. डोक्याला रुमाल, कमरेला ओटी, हातात डबा. मुकरदम मोजून चढवतो. पंधरा-वीस किलोमीटर लांबच्या शिवारात वेचायला जातात, दिवस मावळताना परत. आमच्या पाचवीतल्या एका पोरीची आई त्यात असते. पोरगी सकाळी लहान भावाला तयार करून शाळेत आणते. हा प्रवास आमच्या अपडाऊनपेक्षा जुना आहे, जास्त माणसांचा आहे, जास्त धोक्याचा आहे, आणि कागदावर नाही. आता २०२७ ची जनगणना येते आहे. त्यात तरी त्या छोट्या हत्तीसाठी एखादा रकाना असावा.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठचा पीएम मित्र टेक्स्टाईल पार्कही आठवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, हजारएक एकर जागा आहे. तिथं शिफ्ट सुरू होतील तेव्हा आसपासच्या खेड्यांतल्या पोरी कशानं येतील, हे आत्ता ठरलं तर ठरलं. नंतर मग एक पार्किंग आणि शंभर छोटे हत्ती.

असो. आमच्या दहा मिनिटांवर येतो.

सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी आहे ना, मुलींना शाळेत नेणारी, ती आमच्या गावात येते. सकाळी नऊला तालुक्याहून निघते आणि गावापर्यंत रिकामी येते. साडेनऊच्या आत पोचते, पोरींना घेऊन परत. यवतमाळहून आठला निघालेली गाडी तालुक्यात पोचते नऊ दहाला. निळी गाडी नऊऐवजी सव्वानऊला सुटली तर आम्ही पाच जण, अंगणवाडीच्या ताई, उपकेंद्राच्या सिस्टर आणि दोन ग्रामसेवक रोज तिच्यात बसू शकतो. पोरी तरीही साडेदहाच्या घंटेआधी शाळेत. माझ्या खिशातून थोडे जास्त जातील, चालतील. सरकारचा एक रुपया जास्त लागत नाही, एक इंच डांबर लागत नाही.

मी आगारात गेलो. साहेब सज्जन, चहा पाजला. म्हणाले, "सर, गाडी मानव विकासची, वेळ शाळेनं दिलेली. शाळेचं पत्र आणा. यवतमाळची गाडी दुसऱ्या आगाराची, त्यांचं पत्र आणा. आणि ग्रामसभेचा ठराव जोडा, म्हणजे मला वर पाठवता येईल." त्यांचंही काही चुकत नाही. त्यांना किलोमीटरमागं उत्पन्न किती ते विचारतात, ड्रायव्हरची ड्युटी किती तास ते विचारतात. दोन गाड्यांच्या मधे कोण उभं आहे हे त्यांना कोणी विचारत नाही. शाळा शिक्षण खात्याची, गाडी एसटीची, पैसा नियोजन खात्याचा. जिल्हा नियोजन समितीत हे सगळे एका टेबलावर बसतात म्हणे. मी अजून कोणाला तिथं बसचं वेळापत्रक उघडताना ऐकलं नाही. निधी किती खर्च झाला, यातच दिवस जातो.

शाळेचं पत्र मिळालं. दुसऱ्या आगाराचं 'बघतो' वर आहे. ठरावासाठी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत विषय टाकला, सरपंचताईंनी आनंदानं घेतला. आमच्या भत्त्याचा ठराव मागे पाच मिनिटांत झाला होता, म्हटलं हाही होईल.

सभा दहाला होती. अकरापर्यंत तेवीस माणसं जमली. ग्रामसेवक म्हणाले, कोरम नाही, तहकूब. बाया कुठं गेल्या विचारलं तर पारावरचे आजोबा म्हणाले, "वेचाले गेल्या नं सर. सकाऊनच हत्ती भरून गेला."

तहकूब सभा शुक्रवारी आहे. सोमवारपासून कार काढायची पाळी माझी. स्टेपनीत हवा भरून आणली आहे.