गोव्यात म्हातारं होताना घ्यायची काळजी

गोव्यात म्हातारं व्हायचा विचार असेल तर आधीपासून तयारीला लागा. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं पेन्शन साठीला मिळतं खरं, पण 15 वर्षं गोव्यात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तुम्ही पेडण्यात जन्मलात, पेडण्यातच लग्न झालं, दातही पेडण्यातच पडले, हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे, मामलेदार कचेरीतल्या काउंटरला नाही, तेव्हा कागद जपा. 1961 च्या आधीचा जन्म असेल आणि दाखला पोर्तुगीजमध्ये असेल तर फारच छान, तो वाचणारा माणूस शोधण्यात एक अख्खी सकाळ मजेत जाते आणि म्हाताऱ्या माणसाला तसंही दुसरं काय काम असतं.

योजना 2001 सालची, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची, आणि खोटं कशाला बोला, योजना चांगली आहे. 2012 पासून महिन्याला 2000 रुपये मिळतात. केंद्राचं वृद्धापकाळ पेन्शन ऐंशीच्या आतल्या गरीब म्हाताऱ्याला 200 रुपये देतं, त्याच्यापुढे आपण भाटकार, म्हणजे जमीनदारच म्हणायचे. त्यामुळे 2000 ला नावं ठेवू नका, ते कसे पुरवायचे ते शिका. दिवसाला 66 रुपये पडतात. त्यात पोदेराचे पाव, बीपीची गोळी, आणि बांगडा नुसता बघून यायचा, बघायला पैसे लागत नाहीत. 2012 साली नारळ कितीला मिळायचा हे आठवत बसू नका, या वयात विसरायला होतं असं सगळे म्हणतात ना, मग त्याचा फायदा घ्या. आणि पैसे कधी जमा झाले हे बघायला रोज बँकेत जाऊ नका, रिक्षाला दिलेले पैसे पेन्शनमधूनच जातात.

आता पडण्याबद्दल थोडं. पडायचंच असेल तर नीट पडा, खुबा मोडेल असं पडा. मग सरकार तुमच्या मागे खंबीर उभं आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड 2016 पासून आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंतचे उपचार, मोठ्या कुटुंबाला 4 लाखांपर्यंतचे, आणि सत्तरी ओलांडली असेल तर 2024 पासून केंद्राचं 5 लाखांचं आयुष्मान कार्डही आहे. शिवाय बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ, आहेच. पण अर्धवट पडू नका हो. म्हणजे हाड मोडलेलं नाही, नुसतं उठवत नाही, न्हाणीपर्यंत कोणीतरी धरून न्यायला लागतं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायला लागते, असलं काही करून घेऊ नका कारण त्याचं पॅकेज नाही. ऑपरेशन करणारा डॉक्टर सरकार देतं, अंघोळ घालणारा माणूस देत नाही. एजन्सीची बाई ठेवायची म्हटली तर महिन्याचं पेन्शन दोन-तीन दिवसांत संपतं, उरलेले सत्तावीस दिवस तुम्ही स्वच्छ राहायचा प्रयत्न करा.

मुलगा बोटीवर, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात, मग घरात उरते ती सून. तिची काळजी सरकारने 2012 मध्येच घेतली, गृहिणींसाठी गृह आधार योजना काढून, आता महिन्याला 1500 रुपये. ते महागाईसाठी आहेत, सासूची कूस बदलण्यासाठी नाहीत, पण सून काही दोन वेगळ्या वह्या ठेवत नाही. दिवसाला 50 रुपयात रात्रपाळीसकट मिळणारी नर्स तुम्हाला दुसऱ्या कुठल्या राज्यात मिळेल सांगा. फक्त तिने कधी माहेरी जायचं नाही आणि तिची पाठ दुखायची नाही, एवढं पथ्य तिला सांभाळायला सांगा.

आता सर्वात महत्त्वाचं, वर्षातून एकदा जिवंत असणं. बाकीचे दिवस तुम्ही कसेही असा, पण हयातीचा दाखला देताना तुम्ही जिवंत दिसलं पाहिजे. आमच्या वाड्यावरच्या एका काकीची एकदा केवायसी निघाली तेव्हा तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून रिक्षात घातलं, जिना चढवला आणि मशीनपुढे ठेवलं. मशीन अंगठा घेईना. काकीने जन्मभर काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या, त्या टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघून निघून ठसे केव्हाच गेलेले. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, बिचाऱ्याने तिची दहाही बोटं लावून बघितली, ओल्या फडक्याने पुसली, फुंकर मारली, आणि मग म्हणाला, काकी, तुमचा रेकॉर्ड मॅच होत नाही. काकी म्हणाली, बाबा, माझा मलाच होत नाही. तर सल्ला असा की तरुणपणी काजू, भांडी, शेत असली ठसे झिजवणारी कामं करू नका, ऑफिसात बसायचं काम करा. पण मग तुम्हाला या पेन्शनची गरज लागणार नाही, तो भाग वेगळा.

कोणी म्हणेल की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी सरकार कसं येणार, एवढी माणसं कुठून आणणार. असं म्हणणाऱ्याने 2024 ची लोकसभा निवडणूक बघितलेली नाही. 85 च्या वरच्यांना आणि 40 टक्के अपंगत्व असलेल्यांना घरी बसून मतदान, त्यासाठी दारात मतदान अधिकारी, पोलीस, वर शूटिंग करणारा कॅमेरावाला. चिखलाच्या वाटेने, पायऱ्या चढून, सतरा चौकशा करत बरोब्बर घर शोधत आले. तेव्हा कोणी अंगठ्याचं मशीन मॅच होत नाही म्हणून सांगितलं नाही. म्हणून सांगतो, काही दुखणं असेल, औषध संपलं असेल, हयातीचा दाखला अडला असेल, तर तो मतदानाच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवा. एरवी सरकार तुमच्या दारी येतंच, फक्त ते दार तालुक्याच्या हॉलचं असतं आणि तिथे तुम्हीच जायचं असतं. पंचायतीतला पंच चांगला असेल तर तो कागद घरून नेऊन सही करून आणतो, नाही असं नाही, पण तो पंच आपल्या गटाचा लागतो.

हे सगळं जमत नसेल तर कायदा आहे. 2007 चा, आईवडिलांच्या निर्वाहाचा. मुलावर अर्ज करा, न्यायाधिकरण महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत द्यायला लावू शकतं. म्हणजे मुलगा बोटीवर नसून घरीच असेल तर रात्री पाणी देणाऱ्या एकुलत्या एक माणसावर सकाळी केस घालायची, आणि रात्री परत तहान लागली तर घोट-घोट प्या. तेही नको असेल तर प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे सरकारी सार्वजनिक सहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम आहेत, पोर्तुगिजांच्या वेळेपासून चाललेत, पण तिथे जायला आपलं कोणी नाही हे दाखवावं लागतं, आणि तुमचं कोणी नसलं तरी चतुर्थीला जेवायला बोलावणारे पन्नास निघतात, ते आड येतात.

शेवटचं, घरच्यांना सांगून ठेवा. तुम्ही गेल्यावर समाजकल्याण खात्याला लगेच कळवायचं. नाहीतर मेल्यानंतर जमा झालेले 2000 वसूल करायला बँकेला पत्र जातं. त्या पत्रासाठी कोणाला खुर्चीत बसवून न्यावं लागत नाही, अंगठा लागत नाही, ते आपलं आपण येतं.