रोव्हर कॅनडात असता, तर दुपारची सावली लांब पडली असती

सकाळी टेकडीवर येणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा, 'नासाचं पितळ उघडं!' मंगळावर रोव्हर (चाकांवर फिरणारी यंत्रगाडी) वगैरे काही नाही, सगळं शूटिंग कॅनडातल्या डेव्हन बेटावर चालतं आणि निळ्या आकाशावर लाल फिल्टर चढवून फोटो आपल्या गळ्यात मारले जातात, असं त्यात म्हटलंय. पुरावे असे: एका फोटोत उंदीर सापडला. रोव्हरच्या सेल्फीत फोटो काढणारा हात दिसत नाही. तीन महिन्यांसाठी पाठवलेलं यंत्र चौदा वर्षं चाललं. जिथे धड हवा नाही तिथे हेलिकॉप्टर उडालं. आणि शेवटी सवाल, 'माहिती फक्त नासाकडे येते, मग खातरजमा करणार कोण?' खाली अंगठ्यांची रांग. ग्रुपवर निवृत्त इंजिनिअर भरपूर आहेत आणि अंगठे देणाऱ्यांत तेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डेव्हन बेट. ते खरंच आहे, आणि नासाची माणसं तिथे खरंच जातात. त्या बेटावर हॉटन नावाचं वीसेक किलोमीटर रुंदीचं उल्काविवर आहे. थंड, कोरडं, उजाड. १९९७ पासून तिथे वाहनं, पोशाख, ड्रिल यांच्या चाचण्या होतात. हे कुणी लपवलेलं नाही, प्रकल्पाच्या नावातच मंगळ आहे. पण सराव जिथे होतो तिथेच सामनाही झाला, असं त्यावरून ठरत नाही.

ठरवायचं असेल तर सावली बघा. डेव्हन बेट ७५ अंश उत्तरेला आहे. तिथे ऐन उन्हाळ्यात, भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ३८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे सपाट जमिनीवरच्या दगडाची सावली वर्षातल्या कुठल्याही दिवशी त्याच्या उंचीच्या सव्वापटीहून आखूड होत नाही. हिवाळ्यात तर जवळपास तीन महिने सूर्य उगवतच नाही.

आता नासाचा रोव्हर पर्सिव्हिअरन्स. १८ फेब्रुवारी २०२१ ला तो जेझेरो विवरात उतरला. जेझेरो मंगळाच्या साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. पुणेही साडेअठरा अंशांवर. अक्षांशापुरतं बोलायचं तर हा रोव्हर पुण्यातच फिरतोय म्हणा! मंगळाचा अक्ष २५ अंशांनी कललेला आहे, आपला साडेतेवीस, त्यामुळे तिथला सूर्य वर्षभर जवळजवळ आपल्यासारखाच वागतो. मेच्या मध्यावर आपण पुण्यात शून्य सावली बघतो, तसे दिवस जेझेरोतही येतात. आणि तिथल्या कडक हिवाळ्यातही दुपारचा सूर्य ४६ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे जेझेरोतला सर्वांत खालचा मध्यान्हीचा सूर्य डेव्हनच्या सर्वांत वरच्या सूर्यापेक्षा उंच आहे. सपाट जागी जेझेरोत दुपारची सावली वस्तूच्या उंचीपेक्षा नेहमी आखूड, डेव्हनवर नेहमी लांब. मधलं काही नाही.

रोव्हरचे कच्चे फोटो सगळ्यांना पाहायला खुले असतात. पर्सिव्हिअरन्सच्या फोटोंखाली मंगळावरचा दिवस आणि तिथली स्थानिक वेळही दिलेली असते. बाराच्या आसपासचे फोटो काढा आणि दगडांच्या सावल्या बघा. पट्टी पुरते, दुर्बीण लागत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याचं मुख्य चुकतं ते इथे, असं मला वाटतं. तो एकेक फोटो सुटा धरतो. सुटा फोटो बनावट करता येतो, वाद नाही. पण रोव्हर रोज थोडा पुढे जातो आणि कालच्या फोटोतला समोरचा खडक आज बाजूला आलेला असतो. २०१२ मध्ये नासाचा क्युरिऑसिटी हा रोव्हर मंगळावरच्या गेल नावाच्या विवराच्या तळाशी उतरला तेव्हा माउंट शार्प दूर समोर उभा होता. पाच किलोमीटरहून उंच डोंगर. पुढे रोव्हर त्याच्या पायथ्याशी पोचला, चढू लागला, आणि आता सहाशेहून जास्त मीटर चढून मागे वळून बघतो तेव्हा विवराचा तळ खाली दिसतो. एकूण प्रवास ३५ किलोमीटरच्या वर. डेव्हन बेटाचा सर्वांत उंच माथा दोन हजार मीटरसुद्धा नाही. हा डोंगर तिथे आणणार कुठून?

शिवाय वरूनही नजर आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरच्या कॅमेऱ्याने क्युरिऑसिटीला पॅराशूटला लटकून खाली येताना टिपलं, नंतर त्याच्या चाकोऱ्याही टिपल्या. खालच्या फोटोतलं वळण आणि वरच्या फोटोतलं वळण जुळवून बघणं हा माझा आवडता उद्योग आहे. घरचे त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात.

'कंट्रोल रूममधून जॉयस्टिकने चालवतात' असंही एक वाक्य मेसेजमध्ये आहे. तसं करताच येत नाही. ग्रह जवळ असेल तर संदेशाला एका बाजूने तीनेक मिनिटं लागतात, लांब असेल तर बावीसेक. खड्डा दिसला म्हणून ब्रेक मारावा, तर तोवर रोव्हर खड्ड्यात. म्हणून एका दिवसाच्या हुकमांची यादी एकदम पाठवतात आणि वाटेतले दगड टाळणं बऱ्याच अंशी रोव्हरवर सोपवतात. मधूनमधून मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो, तेव्हा साधारण दोन आठवडे हुकूम पाठवणं बंदच असतं. कॅनडाला फोन लावायला सूर्य आडवा येत नाही.

लाल फिल्टरचा आरोप तर नेमका उलटा आहे. मंगळाच्या हवेत लोहयुक्त बारीक धूळ कायम तरंगत असते, त्यामुळे दिवसाचं आकाश पिवळसर-तांबूस दिसतं. शास्त्रज्ञ काही फोटोंचा व्हाइट बॅलन्स मुद्दाम बदलतात, म्हणजे खडक पृथ्वीवरच्या उजेडात जसे दिसले असते तसे दिसतात आणि ओळखायला सोपे जातात. त्या फोटोंत आकाश निळसर होतं. मेसेजमध्ये 'असली' म्हणून जो निळा फोटो चिकटवलाय तो असाच दुरुस्त केलेला, आणि 'फिल्टरवाला' तोच खऱ्याच्या जवळचा. हा घोळ जुना आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या व्हायकिंग-१ यानाच्या पहिल्या रंगीत फोटोतही घाईत आकाश निळसर छापलं गेलं आणि लगेच दुरुस्त करावं लागलं. गंमत म्हणजे सूर्यास्त मात्र तिथे खरोखर निळा असतो. बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या आजूबाजूला पुढे फेकते. क्युरिऑसिटीने २०१५ मध्ये तो टिपलाय. लाल फिल्टर लावणारा हा सूर्यास्त कसा विसरला? आणि नासावर विश्वास नसेल तर आपल्या मंगळयानाचे २०१४ मधले फोटो बघा. कॅमेरा इस्रोचा, मंगळ तांबूसच.

उंदीर हा दगड आहे. तो फोटो क्युरिऑसिटीचा, आणि रॉकनेस्ट नावाच्या त्या जागी तो महिनाभराहून जास्त थांबला होता. दगडांच्या एवढ्या फोटोंत एक उंदीर निघाला हेच कमी.

सेल्फीचं कोडं फोनवर पॅनोरामा काढणाऱ्याला कळायला हरकत नाही. कॅमेरा रोव्हरच्याच हाताच्या टोकाला असतो. हात हलवत पन्नास-साठ फोटो काढतात आणि जोडतात. प्रत्येक फोटोत हात वेगळ्या जागी असल्याने जोडताना तो गळतो. जमिनीवर हाताची सावली मात्र अनेकदा शिल्लक राहते, नीट बघा.

तीन महिन्यांच्या यंत्राची गोष्ट ऑपॉर्च्युनिटीची. जानेवारी २००४ मध्ये उतरला तेव्हा हमी नव्वद दिवसांची, कारण सौरपट्ट्यांवर धूळ साचून वीज संपेल असा हिशेब होता. वाऱ्याने आणि वावटळींनी पट्ट्या वेळोवेळी साफ केल्या, हे कुणाच्या गणितात नव्हतं. तो ४५ किलोमीटर चालला. २०१८ च्या धुळीच्या वादळाने मात्र सूर्यच झाकला, आणि १० जूननंतर तो बोलला नाही. कॅनडात फडकं घेऊन बसलेला माणूस त्या दिवशी रजेवर होता का? त्याचं भावंड स्पिरिट २००९ मध्ये मऊ मातीत रुतलं, तेव्हाही फावडं घेऊन कुणी धावलं नाही. त्याआधी २००६ मध्ये त्याचं पुढचं उजवं चाक बंद पडलं होतं. ते मेलेलं चाक फरपटत तो उलटा चालायचा. त्या फरपटीने माती उकरली गेली आणि खाली जवळजवळ शुद्ध सिलिका निघाली, म्हणजे कधीकाळी तिथे गरम पाणी किंवा वाफ असणार. या मोहिमेतला मला सर्वांत आवडणारा शोध हाच, आणि तो मोडक्या चाकाने लावला.

हेलिकॉप्टर: मंगळावर हवा आहे, आपल्या सुमारे एक टक्का दाट. म्हणून इन्जेन्युइटीचं वजन पृथ्वीवर १.८ किलो, पाती सव्वा मीटरच्या आसपास आणि फेरे मिनिटाला चोवीसशेच्या घरात. गुरुत्वाकर्षणही आपल्या ३८ टक्केच. पाच उड्डाणं ठरली होती, ७२ झाली. जानेवारी २०२४ मध्ये पातं तुटलं आणि संपलं.

राहता राहिला 'माहिती फक्त नासाकडे' हा सवाल. रोव्हरच्या माहितीचा मोठा वाटा युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरमार्फत येतो. चीनचा चुरोंग रोव्हर २०२१ मध्ये स्वतंत्रपणे उतरला. आणि खातरजमा करणारी एक जागा पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावाजवळ आहे. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण रेडिओ संदेश या अँटेनांनी थेट पकडला. उतरण्याच्या जरा आधी तो अचानक थांबला. यान आदळलं होतं. लगेच नासाच्या ऑर्बिटरने आदळलेल्या जागेचा काळा डाग टिपला, आणि अपयशाची बातमी युरोपनेच जाहीर केली. यान युरोपचं, कान आपल्या जुन्नर तालुक्यातले, डोळा अमेरिकेचा. या कटात आता खोडदलाही घ्यायचं असेल तर मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहावं.