छताला पोट का आलंय, ते आधी बघा

उंचसखल छत तपासण्यावरच्या माझ्या लेखाला उत्तर देताना तुम्ही लिहिलंय, "दोन हात पुट्टीचं काम, आणि तुम्ही दोऱ्या ताणायला, छत ठोकायला सांगून लोकांना घाबरवता." यातलं अर्धं मला मान्य आहे. पुट्टी कुठे पुरते, हे लेखात लिहायलाच हवं होतं. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावलेल्या तात्पुरत्या साच्याच्या, दोन प्लेटांच्या सांध्यावर स्लॅबला बारीक पायरी उमटते. ती वाढत नाही. रात्री दिवे बंद करून बॅटरी छतालगत आडवी धरा, पायरीची सावली लगेच दिसेल. घासून पुट्टी मारली की झालं. मात्र पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच. खड्डा त्याहून खोल असेल तर आधी गिलावा.

पण ठोकून बघण्याचा आग्रह मी सोडणार नाही. आमच्याच घरात छताला एका जागी पोट आलं होतं. रंगाऱ्याने ते पुट्टीने आजूबाजूला छान मिळवून दिलं. वर्षभरात तळहाताएवढा तुकडा पलंगावर पडला, तेव्हा नशिबाने तिथे कोणी नव्हतं. तुकडा उलटा केला तर सळईच्या पिळाचा ठसा आणि त्यावर पापुद्र्यांनी सुटणारा गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून फोडतो. अशा जागी हातोडीच्या दांड्याने ठोकलं की बद्द आवाज येतो. आम्ही ठोकलंच नव्हतं. तिथे सळई गंजवणारी वरची गळती आधी बंद करायची, मग सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज खरवडून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला, भरायचं.

तुमचं छत मधोमध खाली आलंय म्हणता, दोरी त्यासाठीच. समोरासमोरच्या भिंतींवर छतापासून बरोबर 5 सेंटिमीटर खाली खिळे मारून दोरी घट्ट ताणा आणि मधलं अंतर मोजा. जितकं कमी भरेल तितका झोळ. डिझाइन करताना तो साधारणपणे दोन आधारांमधल्या अंतराच्या 250व्या भागाच्या आत ठेवतात, म्हणजे 4 मीटरला 16 मिलिमीटर. झोळ याहून कमी आला तरी जागेवर पेन्सिलने खूण आणि तारीख टाका, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर बहुधा स्लॅब ओततानाच सेंट्रिंग दबलेलं असणार. वाढला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तोवर फॉल्स सीलिंग नको; वजन तर वाढतंच, शिवाय भेग रुंदावली तरी दिसत नाही.

मापं घेतलीत की दोन्ही वेळचे आकडे आणि खोलीची रुंदी इथेच कळवा.