खंयची गो तूं?

गोव्यात अनोळखी माणूस मिळणं महाकठीण. कुठेही जा, दोन वाक्यांत "खंयची गो तूं? कोणाची?" सुरू होतं, मग गाव, मग आडनाव, मग कुलदेव, आणि चहा येईपर्यंत समोरची बाई तुमच्या आत्येच्या नणंदेची शेजारीण निघते. यात माया असते, मान्य. पण कधीकधी जीव गुदमरतो हो.

म्हणून मला माझी फोंडा-पणजी बस आवडते. घरचे म्हणतात स्कूटर घे, वेळ वाचेल. वेळ वाचवून करू काय, ऑफिसात लवकर जाऊन बसू? खिडकी मिळाली तर उत्तम, नाहीतर रॉड धरून उभी, हेडफोन बॅगेत आणि नुसतं बघायचं. कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" करत माणसं कोंबत असतो, नोटा उभ्या घडी करून बोटांत खोचलेल्या, आणि इतक्या गर्दीतही कोण कुठे चढलं हे त्याला बरोब्बर ठाऊक. कोण कुणाचा हे मात्र त्यालाही नको असतं, तिकीट काढलंस ना, झालं.

पावसाळ्यात म्हार्दोळला एक बाई चढते, मांडीवर ओल्या फडक्यात जाईच्या कळ्या. बसल्या बसल्या माळ करते. कळी, दोऱ्याचा वेढा, ओढ, पुढची कळी, हाताकडे बघतसुद्धा नाही, नजर बाहेर शेतात. बाणस्तारीच्या पुलाआधी ड्रायव्हर कचकन ब्रेक मारतो, उभी असलेली अर्धी बस एकमेकांच्या अंगावर, हिची एक कळी खाली पडत नाही. जुने गोवे येईपर्यंत बसमध्ये जाई, डिझेल आणि ओले रेनकोट यांचा एकत्र वास. तिचं नाव मला माहीत नाही आणि विचारणारही नाही.

तसंही या रस्त्यावर कुठला म्हणून कुणाला विचारायचं? म्हार्दोळची म्हाळसा मूळची वेर्ण्याची, मंगेश कुठ्ठाळीचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने लोकांनी देव उचलून नदीपलीकडे आणले. देवच जिथे बाहेरगावचे तिथे आपलं काय.

मध्ये एक काका होते, गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची फाइल आणि एक्स-रेचं मोठं पाकीट, ते दुमडू नये म्हणून एका हाताने छातीशी धरलेलं. बसलेल्या कॉलेजच्या पोराने काही न बोलता हात पुढे केला, पाकीट स्वतःच्या मांडीवर आडवं ठेवलं, त्यावर बॅग येऊ दिली नाही. जागा द्यायची होती खरं तर, पण असो. पणजीपर्यंत दोघं समोर बघत. काय झालंय, कुणाला दाखवता, एक शब्द नाही.

आता लगेच कुणीतरी लिहील की दुसऱ्याचं दुःख बघितलं की आपलं लहान वाटतं. मला हे अजिबात पटत नाही, त्या काकांनी एक्स-रे माझं टेन्शन उतरवायला काढला नव्हता. मी फर्मागुढीपासून मनातल्या मनात साहेबांशी भांडत होते, मुद्दे, प्रतिमुद्दे, सगळं तयार, आणि खोर्ली मागे पडल्यावर ध्यानात आलं की साहेब केव्हाच डोक्यातून उतरलेत. एवढंच होतं. आपण सोडून दुसरीकडे बघितलं की थोडा वेळ आपल्याला सुट्टी मिळते. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुठल्या टेबलावरची क्लार्क, काहीच नाही, फक्त मागच्या दाराजवळची पॅसेंजर.

फक्त एक, बघायचं म्हणजे डोळ्यांनी. परवा एक मुलगा त्या फुलंवालीचा व्हिडिओ काढत होता, अगदी तोंडाजवळ मोबाईल नेऊन, रील करायची असणार. तिने पदर पुढे ओढला, हात थांबले. मी बोलणार एवढ्यात कंडक्टर मागून ओरडला, "मोबायल बोल्सांत (खिशात) घाल आनी तिकीट काड!" त्याने तिकीट काढलेलंच नव्हतं.