कडक सेंटर पाहिजे

आज चौथ्या तासाला मावसबहिणीचा फोन आला. वर्गात होते म्हणून उचलला नाही, तर पाठोपाठ तीन मेसेज. "आक्का, ह्यांची दारू सोडवायला एखादं कडक व्यसनमुक्ती सेंटर सांग." "घरातनं उचलून नेणारं पाहिजे." "सहा महिने तरी ठेवून घेतलं पाहिजे, पैशाचं बघतो आम्ही."

कडक! टपरीवर चहा सांगावा तसं.

तेव्हापासून डोकं फिरलंय. घटक चाचणीचे दोन गठ्ठे समोर तसेच पडलेत आणि मी हे टाइप करत बसलेय. तिच्यावर चिडलेय म्हणावं तर तसंही नाही. सहा वर्षांपूर्वी मीच स्टाफरूमच्या बाहेर उभी राहून फोनवर याच शब्दात चौकशी करत होते, "कडक आहे ना हो?" पलीकडचा माणूस हसून म्हणाला होता, "मॅडम, एकदम कडक."

जवळच्यांना आमच्या दादाचं सगळं माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहिते. त्याला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, "लिही की. फकस्त 'यंत्र-बिंत्र' लिहू नको, लेथ म्हण."

तर दादा टर्नर आहे, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. हात असा की दुसऱ्या शिफ्टची पोरं जॉब, म्हणजे कातलेला भाग, त्याला दाखवल्याशिवाय पुढं पाठवायची नाहीत. बारा वर्षं प्यायचा. आधी पगाराच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी. शेवटी सकाळी दात घासायच्या आधी एक क्वार्टर पोटात गेल्याशिवाय हातात कप धरता यायचा नाही. लेथवर उभं राहायला दारू आणि घरी आल्यावर लेथवरच्या शिणाला दारू.

त्या वर्षी पाडव्याला आप्पांनी ठरवलं, आता बास. गळ्यात माळ घातली, माडीवरच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी. शेवटची घेतलेली आदल्या रात्री. आम्ही सगळे खूश. आईने श्रीखंड वर पाठवलं. पहिल्या दिवशी घाम, थरथर, उलट्या. आप्पा म्हणाले, विष उतरतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आकडी आली. आम्ही काय केलं? कांदा हुंगवला. मी बीएड झालेली बाई, मीच कांदा फोडून आणला.

तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनीने हाक मारली. वर गेले तर दादा खोलीच्या मधोमध उभा. डावा हात हवेत गोल गोल फिरवतोय, उजव्या हाताने काहीतरी बारीक पुढे सरकवतोय, एक डोळा मिटलेला. लेथ चालवत होता. समोर भिंत. आप्पांनी त्याचा हात धरायला हात पुढे केला तर केवढ्यांदा ओरडला, "जॉब गरम हाय, हात लावू नका!"

आप्पा तिथेच खाली बसले.

सरकारी दवाखान्यात रात्रपाळीची डॉक्टर मुलगी होती, आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोरींच्या वयाची. किती वर्षं पितो हे तिने नंतर विचारलं. पहिला प्रश्न, "शेवटची कधी घेतली?" दुसरा, "आधी कधी आकडी आली होती?" आणि तिसरा अजून कानात आहे, "एकदम बंद करायला कुणी सांगितलं?" कोणी उत्तर दिलं नाही. आप्पा माळेकडे बघत होते.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास सुरू होतात, शुद्ध हरपते, ताप चढतो. डॉक्टर लोक त्याला डीटी म्हणतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. दारू पिऊन नाही, दारू सोडून! हे आमच्या अख्ख्या भावकीत एकालाही माहीत नव्हतं. उपचार म्हणजे काही जादू नाही. गुंगीची गोळी मोजून द्यायची आणि दिवसागणिक कमी करत आणायची, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, आणि रात्री नाडी बघायला कोणीतरी जागं. दादा पुढे त्याच्या भाषेत म्हणाला, "चालू चकमधनं जॉब सुटतोय बघ, तसं झालतं डोस्क्याचं." (चक म्हणजे लेथवर जॉब घट्ट पकडणारा भाग.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की 'कुठलं सेंटर' हा पहिला प्रश्नच नाही. किती पितो, सकाळी लागते का, आकडी आलीय का, कावीळ-साखर आहे का, याआधी किती वेळा सोडून परत धरली, घरी कोण आहे, याची उत्तरं आधी मानसोपचार डॉक्टरसमोर जाऊन द्या. मग तो सांगेल घरी राहून जमेल, की दवाखान्यात सहा-सात दिवस काढावे लागतील, की महिना-दीड महिना राहायला पाठवायचं. गुडघा दुखला तर आपण डॉक्टरकडे जातो ना? की थेट फोन करून विचारतो, ऑपरेशन करणारं कडक हॉस्पिटल सांगा?

पण दारूचं काढलं की सगळ्यांना शिक्षा आठवते. जेवढे महिने जास्त, तेवढा उपचार मोठा असं वाटतं.

वहिनीचा भाऊ आहे बघा, ऑफिसात नोकरीला. तो रोज संध्याकाळी प्यायचा, पण सकाळी हात स्थिर, रजा नाही, घरात मारहाण नाही. त्याच्या घरच्यांनीही बॅग भरली होती. डॉक्टर म्हणाले, भरती कशाला? गोळ्या, दर आठवड्याला समुपदेशन, बायकोलाही सोबत बसवलं. नोकरी करत करत सुटली, आता दोन वर्षं झाली. त्याला उचलून सहा महिने कुठे टाकला असता तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेलेला माणूस बाहेर आल्यावर काय करतो ते सांगायला नको.

आता माझ्या पापाकडे येते. दादाला सातव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. त्या डॉक्टरणीने कागदावर लिहून दिलं होतं, मंगळवारी मानसोपचार ओपीडी. केसपेपरला चहाएवढे पैसे. आम्ही गेलोच नाही. 'मानसोपचार' हा शब्द आईला नको होता. वेड लागलंय का आपल्या पोराला? त्यापेक्षा कोणीतरी दिलेल्या नंबरवर मी फोन लावला. पहाटे पाच वाजता जीप आली, चौघं उतरले, झोपेतल्या माणसाला बनियनवर नेलं. फॉर्मवर सही माझी. पोरगी उठू नये म्हणून वहिनीने तिचे कान हाताने झाकले होते. दादा जाताना ओरडला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

चार महिने. डॉक्टर महिन्यातून एकदा, सगळ्यांना एकच गोळी. डोकं भादरलं. पहिला आठवडा पायात साखळी, खाटेला बांधून. फोन नाही, भेट नाही. 'घरच्यांच्या आवाजाने रुग्ण कमजोर होतो' असं आम्हाला सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो. साखळीचं दादाने दोन वर्षांनी सांगितलं. तेही बोलण्याच्या ओघात, पुरी तळताना.

नंतर मी कायदा वाचला. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ सालचा. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्यात येतात. माणसाला साखळीने बांधायला त्यात सरळ बंदी आहे, 'कोणत्याही प्रकारे' म्हटलंय. केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. स्वतःहून येत नसलेल्याला भरती करायचं तर मानसोपचारतज्ज्ञ धरून दोघांनी वेगवेगळं तपासायचं, आणि तेही ३० दिवसांपुरतं. पुढे ठेवायचं असेल तर परत तपासणी आणि त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन बोर्डाची परवानगी. सहा महिन्यांचं 'पॅकेज' कुठल्या कलमात बसतं ते मला कोणी दाखवावं!

हो, माहितीय, आता कोणीतरी लिहिणार की रात्री पोरं घेऊन गॅलरीत झोपणाऱ्या बाईला तुमची कलमं काय कामाची. खरं आहे. वहिनी झोपलीय तशी, दोन थंड्या. तिला कोण नावं ठेवणार? आणि असल्या जागेतून सुधारून आलेलेही असतील, नाही म्हणत नाही. माळेने सुटलेला तर माझा सख्खा मामा आहे.

पण दादा आठव्या दिवशी प्यायला. चार महिने कोरडा ठेवलेला माणूस आठ दिवसांत परत तिथेच. कारण तिथून निघताना पुढचं कोणी काही सांगितलंच नव्हतं. गोळी नाही, तारीख नाही, बोलायला माणूस नाही. तोच नाका, तेच मित्र, पगाराची तीच तारीख.

(मावसबहिणीने चौथा मेसेज आत्ता टाकलाय. रिक्षाच्या मागच्या जाहिरातीचा फोटो. "न सांगता जेवणातून द्या, दारू कायमची बंद." वा! म्हणजे आमटीत कालवायची. त्या पुडीत काय आहे देव जाणे. दारूशी जुळत नाही असं एक औषध खरंच आहे, पण ते डॉक्टर रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. त्यावर दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच ना? मग नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्र नाही, आयसीयू लागेल.)

थोडं शांत होऊन लिहिते. पाणी पिऊन आले.

तिसऱ्या वेळेला दादा आपणहून बोलला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, अंगणात बसून. "मला न्या कुठंतरी. पण जीपवाल्यांकडं नको." मी त्याला तेव्हा पहिल्यांदा त्या ओपीडीत नेलं, जिथे दीड वर्षापूर्वी जायला हवं होतं. डॉक्टरांनी जुना कागद बघितला. म्हणाले, आधी आकडी येऊन गेलीय, भास झालेत, त्यामुळे या वेळीही दारू बंद होणार ती दवाखान्यातच, घरी नाही. ते सहा दिवस मी शेजारी होते. हात थरथरले, घाम आला, पण लेथ चालली नाही. तिसऱ्या रात्री मी जागीच होते, त्याच्या हातांकडे बघत. पहाटे त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "शाळा नाही व्हय तुला?"

त्यानंतर पुण्याला महिनाभराहून थोडं जास्त राहिला. तिथे स्वतः सही करून गेला. घरच्यांना बोलावून घ्यायचे, वहिनीला वेगळं बसवून बोलायचे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु.ल. आणि सुनीताबाईंनी मदत केलेलं. आपण सगळे शाळेत असल्यापासून ऐकतोय. मुंबईत याच कामासाठी कृपा फाउंडेशन १९८१ पासून आहे. म्हणजे चाळीस वर्षं हे ज्ञान आपल्या राज्यात पडलंय आणि मी २०० किलोमीटरवर जीप बोलावत होते. २०१९ साली केंद्र सरकारचा सर्व्हे आला होता, एम्सने केलेला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसली का होईना मदत मिळते. भरती होऊन उपचार १८० जणांत एकाला. त्या एकात माझा भाऊ आहे, आणि तोही दोनदा रस्ता चुकून.

परत आल्यावर काय? सगळ्यांना वाटतं बरा होऊन आला, संपलं. वहिनी म्हणते खरं काम तेव्हा सुरू झालं. पंधरा दिवसांनी ओपीडी, नंतर महिन्याने. शनिवारी संध्याकाळी एएची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस गटाची मीटिंग, एका शाळेच्या पाचवीच्या वर्गात. मोठाले बाप्ये त्या इवल्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात. मी एकदा खुल्या मीटिंगला गेले होते. दादा उभा राहिला, नाव सांगितलं, म्हणाला, "मी दारुडा आहे." सख्ख्या भावाच्या तोंडून तो शब्द ऐकताना मी फळ्यावरच्या अपूर्णांकांकडे बघत बसले. फी नाही, पावती नाही. चहाचे पैसे डब्यात. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. वहिनी आधी लाजली, आता तीच बाकीच्यांना फोन करून बोलावते.

मध्ये एकदा घसरला. खोटं का बोलू? दिवाळीत, एका रात्रीपुरता. आप्पा परत माळ शोधायला लागले. पण दादाने सकाळी स्वतः डॉक्टरांना फोन लावला, आणि आम्ही कोणी कडी घातली नाही.

ज्यांना कुठून सुरुवात करायची कळत नाही त्यांनी १४४४६ लावा, व्यसनासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. १४४१६ म्हणजे टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात. नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग शोधा, रांग असते, उभं राहा. आणि कोणी घरी कोंडून दारू तोडणार असेल तर हात जोडून सांगते, आधी डॉक्टरला विचारा. कमेंटमध्ये 'इच्छाशक्ती पाहिजे' लिहू नका, आज मी उत्तर नीट देणार नाही.

आत्ताच बहिणीला फोन केला. आधी ओरडले, मग ती रडली, मग मी गप्प. शेवटी विचारलं, सकाळी लागते का गं त्याला? म्हणाली, "हो आक्का, दात घासायच्या आधी." मग विचारलं, कधी आकडी आलीय? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गेल्या वर्षी एकदा. आम्ही चप्पल हुंगवली."

उद्या साडेनऊला ओपीडी. तोवर घरी कोणी त्याची बाटली फेकून द्यायची नाही, कोंडायचं नाही, असं तिला दोनदा बजावलंय. नवरा यायला तयार नाही म्हणते. दादा म्हणाला, "मी जातो की त्याला आणायला. सेकंड शिफ्ट हाय माझी, दोनपर्यंत मोकळा हाय."