मॉनिटर पिवळा केला म्हणजे डोळे वाचले?

तो मेसेज तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: स्क्रीनमधला निळा प्रकाश डोळ्यांचा पडदा जाळतो, म्हणून कॉम्प्युटरचं नाइट लाइट, म्हणजे स्क्रीन पिवळसर करणारी सोय, १०० वर नेऊन चोवीस तास चालू ठेवा. मुलांचा नंबर वाढणार नाही, झोप गाढ लागेल, वीजही वाचेल. खाली एका 'आय प्रोटेक्टर' सॉफ्टवेअरची लिंक. नाइट लाइट मीही रोज संध्याकाळी वापरते, सोय म्हणून. पण या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक विधान हात लावला की ढासळतं.

पडदा जळण्याची भीती बरीचशी २०१८ मधल्या एका संशोधनाच्या बातम्यांवर पोसली गेली. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात पेशींवर रेटिनल नावाचं द्रव्य आणि निळा प्रकाश यांचा एकत्र परिणाम तपासला, पेशी मेल्या. बातम्यांचे मथळे मात्र 'फोनमुळे अंधत्व' असे. प्रयोग जिवंत डोळ्यावर नव्हता, प्रकाशही कुठल्या फोनमधून आलेला नव्हता. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने तेव्हाच जाहीरपणे सांगितलं की फोनच्या निळ्या प्रकाशाने कुणी आंधळं होत नाही. साधा हिशोब करा: २४ इंची मॉनिटर पूर्ण पांढरा ठेवून दोन फुटांवर बसलात तर डोळ्यापर्यंत साधारण शंभर-दीडशे लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड पोचतो. दुपारी अंगणात उभं राहिलात तर लाखाच्या घरात. निळ्याने पडदा जळत असता तर शेतात राबणाऱ्या माणसाला चाळिशीतच दिसेनासं झालं असतं.

मुलांच्या नंबराचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. लघुदृष्टीचा संबंध जवळचं काम आणि घरात कोंडून राहण्याशी जोडला जातो, आणि बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना चष्मा उशिरा लागतो हे अभ्यासांत दिसलं आहे. बाहेरच्या त्या उजेडात निळा भरपूर असतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं.

झोपेचा मुद्दा तेवढा निराधार नाही, म्हणून त्यावर जरा थांबू. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी दिसण्यासाठी नसून दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी असतात, आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण त्यावरून 'रंग पिवळा केला की झोप लागली' असं होत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी १६७ तरुण-तरुणींचे तीन गट केले: झोपण्यापूर्वी नाइट शिफ्ट (आयफोनमधलं नाइट लाइट) लावून फोन वापरणारे, न लावता वापरणारे आणि फोन न वापरणारे. नाइट शिफ्ट असण्या-नसण्याने झोपेत फरक पडला नाही. मुळात जे पुरेसे तास झोपत होते, त्यांच्यात फोन बाजूला ठेवणाऱ्यांची झोप किंचित बरी होती. रात्री साडेबाराला ऑफिसचा मेल उघडून बसायचं आणि स्क्रीन केशरी केली म्हणून निर्धास्त व्हायचं, यात मेल तर केशरी होत नाही!

शिवाय त्या पेशींना रंगाइतकंच उजेडाच्या प्रमाणाशी घेणंदेणं असतं, आणि इथेच मेसेजचं सॉफ्टवेअरबद्दलचं अज्ञान दिसतं. विंडोजचं नाइट लाइट, एफ.लक्स नावाचं सॉफ्टवेअर किंवा लिनक्सवरचं रेडशिफ्ट साधारण एकच काम करतात. ग्राफिक्स कार्ड स्क्रीनकडे रंग पाठवताना एक तक्ता वापरतं. त्या तक्त्यात निळा बराच आणि हिरवा थोडा खाली ओढला जातो. नाइट लाइट चालू ठेवून स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर पाठवा: तो नेहमीसारखा पांढराशुभ्र दिसेल. चित्र बदललेलंच नसतं, बदल होतो तो बाहेर पडताना. एलसीडी मॉनिटरच्या मागचा दिवा तेवढ्याच जोराने जळत राहतो, म्हणून वीज वाचण्याचा दावाही बाद. रेडशिफ्टमध्ये ब्राइटनेसचा आकडा देता येतो, पण तोही याच तक्त्यातून रंग काळवंडवतो. दिवा मंद होत नाही. मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून ब्राइटनेस खरोखर खाली आणणं हा उपाय मेसेजमध्ये नाही, आणि कामाचा तोच आहे. डोळे चुरचुरण्याचं कारणही बहुतेकदा रंग नसतो: स्क्रीनकडे टक लावून बसलं की पापण्या कमी मिटतात, त्यात पंखा किंवा एसी थेट तोंडावर.

राहिलं '१०० वर, चोवीस तास'. या सॉफ्टवेअरची कल्पना याच्या बरोबर उलट आहे. मायकेल आणि लोर्ना हर्फ यांनी २००९ च्या सुमारास एफ.लक्स आणलं ते दिवसा स्क्रीन उन्हासारखी आणि रात्री घरातल्या दिव्यासारखी दिसावी म्हणून. रेडशिफ्टला अक्षांश-रेखांश दिले की ते सूर्य क्षितिजापासून किती वर-खाली आहे ते मोजतं: ३ अंशांहून वर असेतो दिवसाचा रंग, ६ अंश खाली गेला की रात्रीचा, मधल्या वेळात हळूहळू बदल. पुण्यात हा बदल साधारण चाळीस मिनिटांत उरकतो. हेलसिंकीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या जूनमधल्या रात्री सूर्य मध्यरात्रीही जेमतेम सहा अंश खाली जातो; त्याने सरळ वेळ ठरवून द्यावी, तशी सोय आहे. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका तो पिवळा. रात्रीसाठी रेडशिफ्ट मुळात ४५०० केल्विन धरतं, दिवसासाठी ६५००. घरातला पिवळा बल्ब २७०० च्या आसपास असतो. खोलीत पांढरी ट्यूब लावून स्क्रीन मात्र मेणबत्तीसारखी करण्यात काय हशील?

आणि ज्याचं पोट रंगावर आहे त्याचं काय? डीटीपीवाल्याकडे संध्याकाळी लग्नपत्रिकेचं काम येतं. नाइट लाइट चालू असलं तर कागदाचा पांढरा स्क्रीनवर सायीसारखा दिसतो, हळदी रंग गढूळ वाटतो. तो डोळ्यांना बरं दिसेपर्यंत पिवळा कमी करत, निळा चढवत जातो आणि सकाळी प्रेसमधून फिकी, निळसर पत्रिका येते. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग अचूक दिसावेत म्हणून जुळवून घेतलेला असेल तर त्याची दुरुस्तीही याच तक्त्यात भरलेली असते, तिच्यावर नाइट लाइटने हात फिरवला की कॅलिब्रेशनचे पैसे पाण्यात. एफ.लक्समध्ये ठरावीक प्रोग्राम उघडे असताना बंद राहण्याची सोय आहे. विंडोजमध्ये कोपऱ्यातल्या झटपट सेटिंगमधलं बटण दाबायचं.

लिंकवर क्लिक करू नका, त्याची गरजच नाही. विंडोजमध्ये ही सोय २०१७ पासून आहे, सेटिंग्जमधल्या डिस्प्लेखाली. मॅकवरही त्याच वर्षी आली. तिथे वेळ सूर्यास्त ते सूर्योदय ठेवा, पट्टी निम्म्याच्या आसपास, आणि नाइट लाइटचं बटणच फिकं दिसून दाबलं जात नसेल तर आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर तपासा.