राक्षसाचा अडकित्ता

पंक्चरवाल्याने टायर बदलायचे दीडशे मागितले, त्याचं मला काही वाटलं नाही. लागलं ते त्याचं 'साहेब, तुम्ही सावलीत बसा' हे वाक्य. मेकॅनिकलची डिग्री असलेल्या माणसाने सावलीत बसायचं? नवा टायर गळ्यात हारासारखा अडकवून मी तसाच घरी आलो.

रविवारी जुना बाजार गाठला. पुण्यात हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तीन टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, घेतल्या. एक जॅकही घेतला. मोटारसायकलला डबल स्टँड असतो, हे घरी आल्यावर आठवलं.

रिमला घट्ट बसलेली टायरची कड सोडवायला बीड ब्रेकर लागतो. तो घरीच करायचं ठरवलं. एक सागवानी फळी, दाराची बिजागरी, चार फुटी दांडा, आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून आणलेलं लोखंडी पातं. खर्च 2300 रुपये. आईने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "अडकित्ता झकास झालाय. एवढी सुपारी कुठून आणणार?"

पार्किंगमध्ये चाक फळीवर ठेवलं आणि दांड्यावर लोंबकळलो. बिजागरी आली. कड नाही आली. मग लिव्हर घातली, तर ती सटकून नडगीवर बसली.

दुसऱ्या मजल्यावरचे काका खुर्ची घेऊनच खाली आले होते. "हवेचा टायर 1888 साली डनलॉपने केला. बेलफास्टला. पोराच्या तीनचाकीसाठी. मूळचा गुरांचा डॉक्टर बरं का!"

लाथा खायची सवय असणार, मी नडगी चोळत म्हणालो.

खरी गोम अशी, की टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. रिमला मात्र मधोमध खोलगट पन्हळ असते. एका बाजूची कड त्या पन्हळीत ढकलून ठेवली, की समोरची कड रिमवरून निमूट वर येते. त्यात ताकदीचा काही संबंध नाही. हे मला दोन तास ताकद लावल्यावर कळलं. साबणाचं पाणी लावून, गुडघ्याने एक बाजू दाबून शेवटी जुना टायर काढला, नवा चढवला. पंप मारला. दहाव्या दट्ट्याला आतून 'सुऽऽ'. लिव्हरने ट्यूब चावली होती. दुसरी ट्यूब आणली, पुन्हा सगळं केलं. साडेतीन वाजले होते. जेवण राहिलंच.

काका वाकून टायर बघत होते. "हा बाण कसला रे?"

बाण फिरण्याच्या दिशेचा असतो. माझा उलटा होता.

चाक हातात घेऊन अख्ख्या सोसायटीसमोरून दुकानात जायचं धैर्य नव्हतं, म्हणून पंक्चरवाल्यालाच फोन केला. तो पिशवी घेऊन आला. काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. वॉल्व्ह काढून हवा सोडली, चाक जमिनीवर टाकलं आणि चपलेच्या टाचेने कडेवर उभा राहिला. फट्! कड सुटली. मग माझा अडकित्ता पायाने जवळ ओढला, दांडा बाजूला केला, फळीवर ऐसपैस बसला आणि सात-आठ मिनिटांत टायर उलटवून दिला.

"दीडशे झाले," तो उठत म्हणाला. मग फळीवर हात फिरवून, "हा पाट चांगलाय, साहेब. कुठं मिळाला?"